डावाला रंगत आणणारी ओपनिंग निवडताना या चुका टाळा

बुद्धिबळात इंजिनने (चाली जोखणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने) ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींना, दिलेल्या +०.४ (पांढरा किंचित सरस) आणि ०.० (बरोबरी) यांतला फरक जागतिक स्तरावर मोलाचा असतो. १२००–१८०० रेटिंगच्या, म्हणजे साधारण क्लब पातळीच्या, डावांचा निकाल मात्र बहुतेक वेळा डाव पुढे सरकल्यावर होणाऱ्या ढोबळ चुकांवर लागतो. म्हणून बरोबरीची, पण प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक चालीला विचार करायला लावणारी ओपनिंग घेण्यात काहीच गैर नाही. १९९५ साली रीगामध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हने विश्वनाथन आनंदविरुद्ध चक्क इव्हान्स गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे पुढाकारासाठी सुरुवातीलाच प्यादे देऊ करणे) काढला आणि २५ चालींत डाव जिंकला. तरी अशी निवड करताना काही चुका हमखास होतात.

सापळ्यालाच ओपनिंग समजणे. एंग्लंड गॅम्बिट पाहा (घो म्हणजे घोडा, उं उंट, व वजीर, रा राजा, अक्षर नसेल तर प्यादे; × मारणे, + शह, ! उत्तम चाल, आकड्यानंतर ... म्हणजे काळ्याची चाल): १. डी४ ई५ २. डी×ई५ घो-सी६ ३. घो-एफ३ व-ई७ ४. उं-एफ४ व-बी४+ ५. उं-डी२ व×बी२. आता ६. उं-सी३ खेळले की ६...उं-बी४! ७. व-डी२ उं×सी३ ८. व×सी३ व-सी१ मात. पण पांढऱ्याने ६. घो-सी३ खेळले की सापळा संपला. काळ्याचा वजीर एकटाच भटकतोय, पांढऱ्याची मोहरी भराभर बाहेर येताहेत. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, चालून जाईल. दीड तासाच्या डावात समोरचा विचार करून ही चाल शोधतोच.

सर्वोत्तम उत्तरानंतर काय उरते, हे न तपासणे. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. डॅनिश गॅम्बिट दिसायला आक्रमक: १. ई४ ई५ २. डी४ ई×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. उं-सी४ सी×बी२ ५. उं×बी२. पण ५...डी५! ६. उं×डी५ घो-एफ६ ७. उं×एफ७+ रा×एफ७ ८. व×डी८ उं-बी४+ ९. व-डी२ उं×डी२+ १०. घो×डी२. वजीर गेले, प्यादी समसमान आणि वजिराच्या बाजूला काळ्याची तीन विरुद्ध एक. हल्ल्यासाठी बसलेल्या खेळाडूच्या हाती दहाव्या चालीलाच एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) येतो.

याउलट स्कॉच गॅम्बिट: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. डी४ ई×डी४ ४. उं-सी४. काळ्याने अचूक खेळले तरी, म्हणजे ४...घो-एफ६ ५. ई५ डी५! ६. उं-बी५ घो-ई४ ७. घो×डी४, पटावर सगळी मोहरी जिवंत राहतात. पांढऱ्याला ई५ चे प्यादे, एफ३ ने घोडा हुसकावणे, पुढे एफ४–एफ५ अशी योजना मिळते. इंजिन बरोबरी दाखवेल, दाखवू दे. फक्त सहाव्या चालीला मोहात पडून ई×एफ६ करू नका, ६...डी×सी४ नंतर दोन्ही उंट काळ्याकडे राहतात आणि आपला पुढाकार जातो. आणि ४...उं-सी५ ५. सी३ वर काळ्याने ५...डी×सी३ घेतलेच, तर ६. उं×एफ७+! रा×एफ७ ७. व-डी५+ आणि मग सी५ चा उंट परत मिळतो.

पटावर येणारच नाही अशी तयारी. बेंको गॅम्बिटला (१. डी४ घो-एफ६ २. सी४ सी५ ३. डी५ बी५) पांढऱ्याने सी४ आणि डी५ दोन्ही खेळायला हवे. क्लबात निम्मे लोक लंडन सिस्टीम (१. डी४ नंतर लवकर उं-एफ४) खेळत असतील, तर आधी २. उं-एफ४ ला उत्तर ठरवा, २...सी५ ने केंद्रावर लगेच दाब येतो. तसेच स्मिथ-मोरा (१. ई४ सी५ २. डी४ सी×डी४ ३. सी३) घेणाऱ्याने अलापिनही (१. ई४ सी५ २. सी३) शिकावी, कारण ३...घो-एफ६ ४. ई५ घो-डी५ होताच डाव तिकडेच वळतो.

लिचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळाच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये स्वतःचा रेटिंग गट आणि वेळेचा प्रकार निवडला, की प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात काय खेळतात ते दिसते. सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या तीन उत्तरांवर आधी मेहनत घ्या. प्रत्येकात निदान दहाव्या चालीपर्यंत जा आणि तिथून इंजिन बंद करून मित्राशी दोन्ही रंगांनी खेळून बघा. काळा घेऊन सहज जिंकता येत असेल, तर ती ओपनिंग बदला.