दोनरंगी खड्यांचे दागिने करताना या चुका टाळा

महिन्याभरात अंगठी परत आली. मैत्रिणीच्या जाऊबाईंसाठी केलेली, चांदीतली, रूबी-फुक्साइटच्या लंबगोल खड्याची. दिली तेव्हा खडा आरशासारखा लखलखीत होता. परत आली तेव्हा हिरवा भाग भांड्याच्या घासणीने घासल्यासारखा निस्तेज झालेला, आणि मधला माणकाचा ठिपका मात्र जसाच्या तसा. उलट बोट फिरवलं की तो टेकाडासारखा लागत होता. मी एक खडा जडवला असं धरून चालले होते. निघाले दोन.

फुक्साइट म्हणजे क्रोमियममुळे हिरवं झालेलं अभ्रक. मोहज् मापावर (खनिजांची कठीणता सांगणारं 1 ते 10 चं माप) त्याची कठीणता 2 ते 3, माणकाची 9. घरातल्या साध्या धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठीणता 7. म्हणजे कपाटावर हात टेकला तरी अभ्रक झिजतं, माणकाला काही होत नाही. तेव्हापासून एकच गोष्ट पाळते: दागिना कोणता करायचा, हे खड्यातल्या नाजूक अर्ध्याला विचारायचं. रूबी-फुक्साइट कानातल्यात आणि पेंडंटमध्ये छान राहतो. अंगठीचा हट्टच असेल तर रूबी-झोइसाइट घ्या, त्यातला हिरवा भाग 6 ते 7 कठीण असतो.

आता गंमत अशी की बाजारात ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. दोन्ही खडे हिरवे-लाल, दोन्हींत माणिक. फरक नजरेला कळतो. झोइसाइट मुख्यतः टांझानियाचा, त्यात हॉर्नब्लेंडचे काळे ठिपके किंवा पट्टे असतात. फुक्साइट आपल्या शेजारच्या कर्नाटकातही मिळतो. तो उजेडात फिरवला की अभ्रकाची बारीक चमचम दिसते, आणि माणकाभोवती बरेचदा कायनाइटची निळसर कड असते. तरी शंका राहिली तर खड्याच्या पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी, सुईचं टोक हलकंच ओढा. अभ्रकावर चरा उठतो. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी असेल तर अंधारात लाल भागावर धरा. माणिक बहुतेकदा निखाऱ्यासारखं लाल उजळतं, रंगवलेला दगड तसा उजळत नाही.

पॉलिश बसत नाही, माणिक वर येतं

मऊ फेल्टच्या चाकावर खडा दाबून धरला की फेल्ट मऊ भागात शिरतं, तो आधी झिजतो आणि माणिक उंच राहतं. कडक चामडं किंवा लाकडाचा सपाट पाटा घ्या, त्यावर हिऱ्याची पेस्ट लावा आणि दाब कमी ठेवा. सेरियम ऑक्साइडने अकीक चमकतो, माणकावर मात्र त्याचा उपयोग नाही. आणखी एक, चांदी चमकवायची लाल रूज या खड्याच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसते आणि मग हिरव्यावर गुलाबी मळ दिसतो. चांदीचं पॉलिश, काळपट ऑक्सिडाइज्ड रंग, डाग देणं (म्हणजे जोड सांधणं), तुरटीच्या पाण्यात उकळणं, हे सगळं खडा बसवायच्या आधी उरकून घ्या. खडा शेवटी. बेझलची, म्हणजे खड्याभोवती वळवायची, पट्टी शुद्ध चांदीची घेतली तर ती बोटाच्या दाबानेही वळते, 92.5 टक्के चांदीची पट्टी ठोकावी लागते आणि त्या ठोक्यात अभ्रकाची कड उडते.

चिकटवल्यावर पांढरा धुरकट थर

हा झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेचा प्रताप. अकीक किंवा क्वार्ट्झवर असेल तर अॅसिटोनच्या बोळ्याने निघतो. रूबी-फुक्साइट मात्र पुष्कळदा रेझिन मुरवून घट्ट केलेला असतो, त्याला अॅसिटोन लावलं की धुरकटपणाबरोबर चमकही जाते. दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा आणि रात्रभर हात लावू नका. (मला हे जमत नाही, सकाळी सहाला डबी उघडून बघतेच.)

मणी पाडताना भोक दोन रंगांच्या सीमेवर घेऊ नका. हिऱ्याचं ड्रिल मऊ भागातून सरसर जातं, माणकावर आपटून सरकतं आणि कड फुटते. पाण्यात धरून, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडा.

अॅमेट्रीन: खनिज एकच, चुका वेगळ्या

अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असा हा क्वार्ट्झ प्रामुख्याने बोलिव्हियाच्या अनाही खाणीतून येतो. दोन्ही रंग लोहामुळेच. इथे कठीणतेची भानगड नाही, पण उष्णतेची आहे. जांभळा रंग तापवला की उडतो किंवा पिवळा पडतो. तुटलेली कडी जोडायला खडा न काढताच फुंकणी धरली, तर दोनरंगी खडा एकरंगी होऊन हातात येतो आणि मग काही इलाज उरत नाही. कडक उन्हात कायम ठेवला तरी जांभळेपणा फिका होतो, म्हणून दुकानाच्या काचेत खिडकीपाशी मांडू नका.

दुसरी चूक आकाराची. गोल पैलूंत रंग एकमेकांत मिसळून मातकट दिसतात. लांबट, चौकोनी पैलूंचा खडा घ्या, सीमा मधोमध हवी, आणि बैठक मागून उघडी ठेवा. कारखान्यात वाढवलेला अॅमेट्रीनही बाजारात आहे आणि डोळ्यांना तो ओळखू येत नाही, तेव्हा महाग खडा घेताना प्रयोगशाळेचा दाखला मागा.

स्वस्त दोनरंगी अकीक घेताना ओल्या बोळ्याने पुसून बघा, मग पाण्यात बुडवून बाजूने बघा. रंग भेगांत जास्त गडद दिसला तर तो घातलेला आहे. दोन तुकडे चिकटवलेले असतील तर सरळ रेघ दिसेल. रंगवलेला अकीक वाईट नसतो, फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगून विका.

धुवायचं कशाने? कोमट पाणी, दोन थेंब साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश. अल्ट्रासोनिक मशीन नको. आपल्याकडे चांदी चिंचेने किंवा लिंबाने घासायची सवय आहे, ती मात्र आवर्जून मोडायला सांगा. निळ्या-हिरव्या अॅझुराइट-मॅलाकाइटला आंबट लागलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. प्रत्येक डबीत मी हाताने चिठ्ठी लिहून घालते: चिंच नको, टूथपेस्ट नको.

त्या अंगठीतला खडा काढला, कडक पाट्यावर पुन्हा पॉलिश केला आणि पेंडंट करून दिला. अंगठीची रिकामी बैठक अजून माझ्या टेबलावर आहे, तिच्यात बसेल असा झोइसाइट शोधतेय.