मुंबईत पत्रकारितेची पदवी घेताना: प्रवेशापासून पहिल्या बायलाइनपर्यंत

पत्रकारितेत येण्यासाठी पदवी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती तीन वर्षे केवळ हजेरी आणि असाइनमेंट यांत जाऊ देऊ नयेत. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले ते याच शहरात, आणि आजही मंत्रालय, उच्च न्यायालय व महापालिकेचे मुख्यालय दक्षिण मुंबईत एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिकणाऱ्याने या जवळिकीचा पहिल्या सत्रापासून लाभ घ्यावा.

बारावी कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेतून झाली असली, तरी मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतील बीएएमएमसी (बीए इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) या अभ्यासक्रमाचा मार्ग खुला असतो. पूर्वी हाच अभ्यासक्रम बीएमएम या नावाने ओळखला जाई. जाहिरात आणि पत्रकारिता या त्यातील दोन मुख्य वाटा असल्यामुळे, अर्ज भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयात पत्रकारितेची तुकडी प्रत्यक्ष चालते का, विद्यार्थ्यांचे नियतकालिक निघते का आणि शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी वृत्तपत्रात किंवा वाहिनीत काम केले आहे, हे समक्ष जाऊन विचारावे. दुसरा मार्ग म्हणजे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा कायदा यांची पदवी आधी घेऊन नंतर पत्रकारितेकडे वळणे. त्यासाठी मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन व पत्रकारिता विभाग आणि कालिन्यातील गरवारे संस्था यांचे अभ्यासक्रम पाहावेत. ज्याला अर्थसंकल्प वाचता येतो किंवा न्यायालयाचा आदेश समजतो, तो बीटवर, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेल्या क्षेत्रात, लवकर रुळतो. म्हणून मला हा दुसरा मार्ग अधिक भक्कम वाटतो.

प्रवेश झाल्यावर पहिले काम म्हणजे बातमीदारीच्या सरावासाठी महापालिकेचा आपला विभाग (वॉर्ड) निवडणे. दादर, माहीम किंवा धारावीत राहणाऱ्याने महापालिकेचे जी उत्तर विभाग कार्यालय आपले मानावे, कुर्ल्यात राहणाऱ्याने एल विभाग. समजा, ‘रस्त्याचे काम प्रगतिपथावर असून लवकरच पूर्ण होईल’, अशी प्रेसनोट आली. ती जशीच्या तशी उतरवून काढली तर बातमी होत नाही. कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश) कोणत्या तारखेचा आहे, त्यात कामाची मुदत किती दिली आहे, कंत्राटदाराला दंड झाला का, आणि त्या रस्त्यावरच्या दुकानदाराला व शाळेत जाणाऱ्या मुलांना रोज कोणत्या बाजूने वळसा घालावा लागतो, हे विचारल्यावर त्या दोन ओळींतून तीन परिच्छेदांची बातमी उभी राहते. तिचा इंट्रो (सुरुवातीचे वाक्य) ‘मुदत उलटूनही रस्ता खोदलेलाच’ या वस्तुस्थितीने सुरू व्हावा. अधिकाऱ्याचे म्हणणे त्याच्या नावानिशी आणि पदासह त्यानंतर यावे.

अधिकारी कागद दाखवत नसतील, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाताशी आहे. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा. उत्तरासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते आणि ते न आल्यास प्रथम अपील करता येते. अर्जात ‘का’ असे विचारू नये, कागदपत्राची प्रत मागावी. ‘काम का रखडले’ याला उत्तर मिळेलच असे नाही, पण ‘कार्यादेशाची व मुदतवाढीच्या पत्रांची प्रत द्यावी’ ही मागणी टाळणे अवघड जाते.

कायद्याचा पेपर गुणांपुरता वाचू नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि केवळ नाव गाळणे पुरेसे नसते. इमारत, शाळा, वडिलांचा व्यवसाय अशा तपशिलांतूनही शेजाऱ्यांना ओळख पटते. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याने हे बंधन आणखी कडक केले आहे. बातमी डेस्ककडे, म्हणजे संपादन विभागाकडे, पाठवण्यापूर्वी पीडितेच्या शेजाऱ्याच्या नजरेने ती एकदा वाचून काढावी.

मराठी युनिकोडमध्ये वेगाने टंकलेखन यायलाच हवे. मोबाइलवर चित्रीकरण करून दोन मिनिटांचा तुकडा स्वतः संपादित करण्याइतपत सरावही असावा, कारण छापील वृत्तपत्रांतही आता बातमीदाराकडून व्हिडिओ मागितला जातो.

इंटर्नशिपसाठी दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून प्रयत्न करावेत. अर्जासोबत लांबलचक परिचयपत्राऐवजी आपल्या विभागातील चार-पाच छापून आलेल्या किंवा पूर्ण लिहिलेल्या बातम्या जोडाव्यात. मानधन, कामाचे तास आणि बायलाइन (बातमीवर आपले नाव) मिळणार की नाही, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारण्यात संकोच बाळगू नये. बाहेर फिरायची हौस असली, तरी काही आठवडे डेस्कवर मागून घ्यावेत: उपसंपादक आपली प्रत (लिहून दिलेला मजकूर) कशी कापतो, मथळा कसा बदलतो आणि कोणत्या आकड्यावर अडून पुन्हा फोन करायला लावतो, हे त्याच्या शेजारी बसूनच कळते. कापलेली प्रत आणि छापून आलेली बातमी दोन्ही जपून ठेवावीत, आणि पुढच्या मुलाखतीला जाताना दोन्ही सोबत न्याव्यात.