घरी टीपॉय बनवताय? नागपूरच्या हवेत या चुका टाळा

मे महिन्यात बनवलेल्या टीपॉयचा टॉप ऑगस्टमध्ये फुगतो. पावसाळ्यात बनवलेल्याला पुढच्या उन्हाळ्यात चीर जाते. मग लोक लाकडाला नाहीतर स्वतःच्या हाताला दोष देतात, पण कारण बहुतेकदा हवेत असतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ अंशांजवळ जातो, दुपारची हवा पार कोरडी असते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर चढते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीला ते जवळपास हलत नाही, रुंदीला मात्र हलतं. २० इंच रुंदीचा सागवानी टॉप वर्षभरात पाव इंचापर्यंत कमीजास्त होऊ शकतो.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टॉप खालच्या फ्रेमला फेविकॉलने पक्का चिकटवणं. फ्रेमच्या पट्ट्या लांबीला हलत नाहीत, टॉप रुंदीला हलायला बघतो, आणि या ओढाताणीत टॉप तरी फाटतो नाहीतर सांधा तरी सुटतो. टॉपला फेविकॉल लावूच नका. आडव्या पट्टीत मधला स्क्रू घट्ट ठेवा, कडेच्या स्क्रूंची भोकं टॉपच्या रुंदीच्या दिशेने लंबगोल करा आणि वॉशर टाकून स्क्रू बेताने आवळा. लंबगोल भोकांच्या एल पट्ट्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्याही चालतात.

चीर आधीच गेली असेल तर उन्हाळ्यात त्यात भुसा आणि फेविकॉल भरू नका. पावसाळ्यात चीर मिटायला बघते, आतला भराव तिला मिटू देत नाही आणि शेजारी नवी चीर पडते. आधी टॉप फ्रेमपासून मोकळा करा.

लाकूड घेताना घाई नको. ३६ बाय २० इंचांचा, १७ इंच उंच टीपॉय, १ इंच जाड टॉप आणि २ इंची पाय धरले तर फ्रेमसकट निव्वळ लाकूड साधारण ०.७ घनफूट लागतं. कापताना, रंधताना जाणारं धरून लकडगंजाच्या लाकूडबाजारात १ घनफूट मागा. सागवान आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं, सीपी (जुना मध्य प्रांत) टीक म्हणून नावाजलेलं. पण चांगलं लाकूडही ओलं असेल तर दगा देतं. एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, आठवड्याने पुन्हा तोला. वजन घटतंय तोवर लाकूड वाळतंय. फळ्या खोलीतच, मध्ये बारीक पट्ट्या ठेवून रचा. लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात टाकल्या की टोकं तडकतात.

फेविकॉल मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली लावलं की सांधा जुळवेपर्यंत वर साय धरते आणि जोड वरवरचाच राहतो. सकाळी लवकर लावा. त्याआधी सगळे तुकडे कोरडेच जुळवून बघा. सागवानात तेल असतं, म्हणून सांध्याची जागा थिनरने पुसून घ्या. शिकंजा (क्लॅम्प) आवळल्यावर फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा; सारखे नसतील तर फेविकॉल ओलं आहे तोवरच सरळ करा. पूर्ण भार २४ तासांनी.

टीपॉय डुगडुगत असेल तर लगेच करवत उचलू नका. तो पाव फेरा (९० अंश) फिरवून ठेवा. खोलीतल्या त्याच कोपऱ्यात डुगडुगला तर दोष फरशीचा, तोच पाय अधांतरी राहिला तर टीपॉयचा. मग सपाट जागेवर अधांतरी पायाखाली चकती सरकवून तो स्थिर करा, एकाच उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांभोवती रेघ मारा आणि त्या रेघेवर कापा.

पॉलिश फक्त वरच्या बाजूला मारणं ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. खालची बाजू उघडी राहिली की ती ओलावा जास्त घेते आणि टॉप वाकतो. खालूनही तेवढेच हात द्या. कूलरच्या थेट झोतात टीपॉय ठेवू नका. भर पावसाळ्यात लॅकर मारलं तर वर पांढरट झाक येते. ती पुसून जात नाही. कोरडा दिवस बघून थिनर जास्त घातलेला एक पातळ हात मारा, बहुतेक वेळा ती निघून जाते.