छोट्या कारखान्यात कामगारांना काय द्यायचं आणि कसं द्यायचं

दिवाळी महिन्यावर आली की ओळखीच्या दोन-चार मालकांचे फोन येतातच, की यंदा बोनसबरोबर काय देऊया, मिठाईचा बॉक्स, डिनर सेट का टॉवेल-चादर? मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, हजेरी, पगार, पीएफ बघते, चाळीसेक माणसं आहेत आमच्याकडं. माझं सांगणं दरवेळी एकच, आधी वस्तू ठरवू नका, आधी नियम ठरवा. माणसाला काय मिळणार, कधी मिळणार हे त्याला आधीच माहिती पाहिजे.

हे मला २०१९ च्या महापुरात कळलं. ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं, आमच्या कितीतरी कामगारांची घरं पाण्यात गेली आणि पाणी उतरल्यावर सगळे उचल मागायला आले. तेव्हा उचलीचा नियमच नव्हता. जो पहिला केबिनमध्ये गेला त्याला १० हजार, आणि जो घरातला गाळ काढत बसला होता, चार दिवसांनी आला, त्याला २ हजार, कारण तोवर कॅश संपली होती. मालकांची नियत चांगली होती, पैसेही बरेच गेले, तरी लोकांच्या मनात ते राहिलं. एक मोल्डर मला म्हणाला, "ताई, कमी मिळालं त्याचं काय नाही ओ, पण त्याला वेगळं आन मला वेगळं का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तर सुरुवात कुठून करायची? कायद्यानं जे द्यायचंच आहे ते आधी चोख करा आणि ते लोकांना समजावून सांगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, पण बोनस कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के हे तसंच आहे. २० माणसं झाली की पीएफ, १० झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम). ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे, शेवटच्या महिन्याच्या पगाराला (बेसिक अधिक महागाई भत्ता) २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग जितकी वर्षं झाली तितक्यानं गुणायचं. म्हणजे २० हजार धरले आणि १० वर्षं नोकरी झाली तर साधारण १ लाख १५ हजार होतात. हा आकडा मी एका टर्नरला कागदावर काढून दाखवला तेव्हा तो कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला, घरी दाखवतो म्हणाला. आठ वर्षं तो आमच्याकडं होता आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

ईएसआयचंही तेच. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात तेवढं दिसतं, मालक ३.२५ भरतो ते दिसत नाही, आणि आजारपणात डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकतो हे तर फार कमी जणांना माहिती असतं. पीएफ खात्याला ७ लाखांपर्यंतचा विमा जोडलेला असतो, नोकरीत असताना माणूस गेला तर तो घरच्यांना मिळतो, पण नॉमिनेशन नसेल तर बायकापोरांना किती हेलपाटे मारावे लागतात ते मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून एक दिवस ठरवून सगळ्यांचं ई-नॉमिनेशन करून घ्या, आधार आणि फोटो घेऊन या म्हणावं, जेवणाच्या सुट्टीत चार-चार जणांचं उरकतं. तुमच्याकडं १० पेक्षा कमी माणसं असतील तर बँकेतून पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा काढून द्या. एकाचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, दुसऱ्याचा २० रुपये, दोन्हीत २-२ लाखांचं कव्हर आहे. वयाची अट तेवढी बघून घ्या, जीवनज्योतीला ५० च्या आत नाव घालावं लागतं.

यानंतर लोकांना विचारा. मीटिंग घेऊन विचारलं तर कुणी बोलत नाही, चहाच्या वेळी एकेकट्याला विचारा की वर्षातला सगळ्यात ओढाताणीचा महिना कुठला? आमच्याकडं बहुतेकांनी जून सांगितला, पोरांची फी, वह्या-पुस्तकं आणि पेरणी सगळं एकदम. आम्ही दिवाळीची भेटवस्तू बंद केली आणि तेवढेच पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेसाठी म्हणून द्यायला लागलो. ज्याला शाळेतली पोरं नाहीत त्यालाही तेवढेच, नाहीतर परत तोच प्रश्न. गावच्या जत्रेला एक भरपगारी सुट्टी ठेवली, तारीख ज्याची त्यानं आधी सांगायची. खाडे कमी झाले, कारण जत्रेला माणूस तसाही जाणारच असतो.

उचलीचा नियम असा केला, वर्षातून दोनदा, जास्तीत जास्त एका पगाराएवढी, सहा हप्त्यात परत, व्याज नाही. दवाखाना असेल तर त्याच दिवशी. रजिस्टर माझ्याकडं, केबिनमध्ये जायचं कामच नाही.

बक्षिसाच्या स्कीममध्ये मात्र फार सांभाळा. आम्ही एकदा ज्या शिफ्टचं रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, कमी त्या शिफ्टला बक्षीस ठेवलं, दोन महिन्यांत रिजेक्शन खाली आलं, आम्ही खूष, आणि मग कस्टमरकडून कास्टिंग परत यायला लागली. पोरं खराब माल चांगल्यात सारत होती. चूक पोरांची नव्हती, आम्ही मोजलंच चुकीचं. आता जो खराब पीस स्वतः बाजूला काढून दाखवतो त्याची नोंद होते. शंभर टक्के हजेरीचं बक्षीसही आम्ही काढून टाकलं, ताप अंगात घेऊन माणूस भट्टीवर उभा राहतो त्यासाठी, ते कुणालाच परवडणारं नाही.

आणि कौतुक. याला पैसे लागत नाहीत म्हणून बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. मागं एका हेल्परनं ओतणं थांबवलं, लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, नीट तापवलेला नव्हता, आत ओल होती. ओलीवर वितळलेलं लोखंड पडलं की वाफेनं उसळतं, चार माणसं भाजली असती. दहा मिनिटं काम थांबलं म्हणून सुपरवायझर आधी चिडला, मग त्यानं स्वतः आत बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला सगळ्यांसमोर त्याच सुपरवायझरनं सांगितलं की यानं काय बघितलं, का थांबवलं आणि त्यामुळं काय टळलं. "छान काम केलं" एवढंच म्हणू नका, त्यानं काही पोचत नाही. काय केलं ते नावानिशी सांगा, दोन दिवसांच्या आत सांगा, आणि ज्याच्या हाताखाली तो काम करतो त्यानंच सांगावं. आम्ही तेच चार ओळीत लेटरहेडवर लिहून दिलं. त्याच्या आईनं ते देवघराशेजारी लावलंय असं त्याच्या गावातला दुसरा कामगार सांगत होता.

कंत्राटी पोरं, वॉचमन, झाडणाऱ्या मावशी यांना यादीतून वगळू नका, एकाच गेटमधून सगळे आत येतात.

हे सगळं एका पानावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, रकमा आणि तारखांसकट, आणि पंचिंग मशीनशेजारी लावा. जेवढं दरवर्षी नक्की जमेल तेवढंच लिहा, मंदीच्या वर्षाचा अंदाज धरून. आमचा कागद पहिल्या वर्षी फक्त पाच ओळींचा होता.