कोपऱ्यावरचा कचरा थांबवायला भिंत कशी रंगवावी

कोल्हापुरात भिंत रंगवायला माणसं शोधत फिरावं लागत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटकांचे पडदे रंगवले ते याच गावात. आजही प्रत्येक पेठेत बोर्ड लिहिणारा किंवा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कुणीतरी भेटतोच. तरीही कचऱ्याच्या कोपऱ्यावर काढलेली कितीतरी चित्रं चार दिवसांत पिशव्यांआड जातात. कचरा तिथंच का पडतो, हे आधी कुणी विचारलेलं नसतं. म्हणून रंगाचा डबा नंतर आणा.

पहिले आठ दिवस नुसता कोपरा बघा. पहाटे, दुपारी आणि रात्री जेवणं झाल्यावर. पडलेलं काय आहे? भाजीचे देठ, गाड्यावरचं खरकटं की घरदुरुस्तीचा राडारोडा? प्रत्येकाचा मालक वेगळा आणि इलाजही वेगळा. आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी पूर्वी कोंडाळा, म्हणजे कचऱ्याचा मोठा सार्वजनिक डबा होता. कोंडाळा गेला, सवय राहिली. आम्ही उत्साहानं भिंत रंगवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चित्राच्या पायाशी एक काळी पिशवी. दुहेरी गाठ मारलेली, नीट भिंतीला टेकवून ठेवलेली. रोज तशीच. टाकणाऱ्यानं फेकली नव्हती, ठेवली होती, आणि त्यातच उत्तर होतं. शिरोलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारं एक जोडपं सहाला घर सोडायचं. टिपर, म्हणजे घरोघरचा कचरा नेणारी महापालिकेची गाडी, यायचा साडेआठला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "डबा माझ्या दारात ठेवत जा, मी देते टिपरात." दुसऱ्या दिवसापासून पिशवी बंद. हे काम भिंतीनं केलं नसतं. पण भिंत रंगली नसती, तर त्या पिशवीकडे आमचंही लक्ष गेलं नसतं.

मग परवानगी. खासगी भिंत असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. सार्वजनिक असेल तर महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा १९९५ चा राज्याचा कायदा आहे, त्यामुळे तोंडी होकारावर थांबू नका. त्याच फेरीत आरोग्य निरीक्षकांना आणि मुकादमांना भेटून टिपरची वेळ पक्की करून घ्या. जुन्या काळ्या दगडी भिंतींना मात्र कुणी परवानगी दिली तरी रंग लावू नका. त्या मुळातच सुंदर आहेत.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात इथल्या भिंती ओल धरतात आणि ओल्या भिंतीवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. आदल्या रविवारी कचरा उचलून जागा धुवा. जुना चुना तारेच्या ब्रशनं खरवडा. हे कंटाळवाणं काम टाळलं, की पुढचं सगळं वाया. भिंत पूर्ण वाळली की बाहेरच्या भिंतींचा प्रायमर आणि मग इमल्शनचे दोन हात. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला दोन ते अडीच लिटर इमल्शन धरा, खडबडीत असेल तर थोडं जास्त. जमिनीपासून दोन फूट गेरूसारखा गडद पट्टा ठेवा, कारण चिखलाचे शिंतोडे तिथंच उडतात.

चित्र काय काढायचं? देवांच्या तसबिरी नकोत, हे माझं ठाम मत आहे. देवाला उकिरड्याच्या राखणीला बसवू नये, आणि रंग उडाला की त्या चित्राची विटंबनाच होते. "कचरा टाकू नये" ही पाटीही नको. ती वाचली जात नाही. त्या बोळाचं स्वतःचं काही काढा: तालमीतला लाल मातीचा हौदा, रंकाळ्यावरची संध्याकाळ, किंवा रोज तो रस्ता झाडणाऱ्या मावशी, अर्थात त्यांना विचारून. आमच्याकडे मावशींचं चित्र आहे. त्या स्वतः येऊन म्हणाल्या, "पदर हिरवा करा, निळा मला आवडत नाही." तेव्हापासून त्या भिंतीपुढे थुंकायला माणूस बिचकतो. चौकटी पाडून खडूनं आखणी चित्रकारानं करावी, रंग मात्र गल्लीतल्या पोरांनी भरावा. रेषा हलली तरी चालेल. ज्या पोरानं भिंतीला हात लावलाय, तो तिथं पिशवी टाकू देत नाही.

जवळ कचऱ्याचा डबा असेल तर रस्त्यावर त्याच्यापर्यंत कोल्हापुरी चपलांचे ठसे रंगवा. लक्ष्मीची पावलं नकोत, त्यांच्यावर कुणी पाय देणार नाही.

खरी मेहनत त्यानंतर लागते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. उभ्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले होते. शेजारची भिंत स्वच्छ होती तेव्हा १०० पैकी ३३ जणांनी कागद तिथंच टाकला, त्याच भिंतीवर रेघोट्या मारल्यावर ६९ जणांनी. म्हणजे आपलं चित्र विटलं, त्यावर पोस्टर चिकटलं, की तीच भिंत उलट काम करायला लागते. म्हणून पहिले तीन आठवडे रोज सकाळी कुणीतरी कोपऱ्यावर नजर टाकावी आणि पडलेली एकही पिशवी दुसरीची वाट बघत राहू देऊ नये. वापरलेल्या प्रत्येक रंगाची एकेक बाटली बाजूला काढून नाव घालून कुणाच्या घरी ठेवायची, ते रंगवण्याच्या दिवशीच ठरवा. आमच्या बाटल्या काकूंच्या माळ्यावर आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर मावशींचा हिरवा पदर त्यातूनच पुन्हा भरला.