टाके वरून सुकले तरी आतून कच्चेच असतात: स्तनांच्या ऑपरेशननंतरची काळजी

डिस्चार्जच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक बाई मला हेच विचारते, "सिस्टर, टाके काढायला कधी येऊ?" बऱ्याच वेळा उत्तर असतं, काढायचेच नाहीत, आपोआप विरघळतील. हे ऐकलं की चेहरा खुलतो. आणि तिथूनच घोळ सुरू होतो, कारण टाके काढायचे नाहीत म्हणजे काळजीही घ्यायची नाही, असा अर्थ घरी पोहोचेपर्यंत झालेला असतो.

मी सोलापुरात एका प्लास्टिक सर्जनकडे ड्रेसिंगचं काम बघते. स्तनांचा आकार कमी करायला येणाऱ्या बायका आमच्याकडे जास्त. मान-पाठ धरलेली, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडलेल्या, उन्हाळ्यात खालच्या घडीत पुरळ आणि आग. आकार वाढवायला इम्प्लांट, म्हणजे आत ठेवायची कृत्रिम पिशवी, बसवून घेणाऱ्या मुलीही येतात. घरी "गाठ काढली" एवढंच सांगून आलेल्याही असतात; मी त्यात पडत नाही. फक्त एक सांगते. घरातल्या एका माणसाला खरं माहीत असू द्या, कारण स्तनाच्या खालच्या घडीतली जखम तुमची तुम्हाला आरशातसुद्धा नीट दिसत नाही. बहीण, जाऊ, नवरा, कोणीही चालेल. रोज एकदा टॉर्च लावून बघणारं माणूस हवं.

घरी जाण्याआधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: काप कुठे आहेत आणि दोरा कुठला आहे. आकार कमी करताना किंवा ओघळलेले स्तन वर घेताना साधारणपणे एक काप स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने असतो, दुसरा तिथून सरळ खाली, आणि गरज असेल तर तिसरा खालच्या घडीतून आडवा; तिन्ही मिळून आकार जहाजाच्या नांगरासारखा दिसतो. इम्प्लांटला बहुतेक वेळा खालच्या घडीत चार-पाच सेंटिमीटरचा एकच काप पुरतो. काही वेळा तो वर्तुळाच्या कडेला किंवा काखेत असतो.

आतल्या थरांत विरघळणारा दोरा असतो. व्हिक्रिल साधारण ५६ ते ७० दिवसांत विरघळतो, मोनोक्रिल तीन ते चार महिने घेतो. वर्तुळाभोवती कधी कधी नायलॉनचे टाके घालतात. ते मात्र काढावे लागतात, साधारण ७ ते १४ दिवसांत. गाठ चिमट्याने उचलायची, कातडीला लागून दोऱ्याची एकच बाजू कापायची आणि ओढून घ्यायचा. या भागाला आधीच बधिरपणा असतो, त्यामुळे निम्म्या जणींना कळतही नाही. घरच्या कात्रीने हा उद्योग करू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. दोरा पूर्ण विरघळायला महिने लागत असले, तरी त्याची ताकद फार आधी संपते. मोनोक्रिलची दोन-तीन आठवड्यांत, व्हिक्रिलची चार-पाच आठवड्यांत. आणि कातडीची स्वतःची ताकद? तीन आठवड्यांनी ती मूळच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत येते आणि पुढे पूर्ण शंभर कधीच होत नाही. म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दोऱ्याने हात सोडलेला असतो आणि कातडी अजून उभी राहिलेली नसते. नेमकं याच काळात दुखणं थांबतं, बाईला वाटतं आपण बऱ्या झालो, आणि सासूबाईंनाही तसंच वाटतं.

आपल्याकडे उजनीचं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ड्रम, पिंप, बादल्या भरायच्या. पाणी आलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कोणीतरी हमखास "जरा ओलं लागतंय" म्हणत येतं. भरलेली मोठी बादली पंधरा किलोच्या घरात जाते. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही: बादली नाही, सिलिंडर नाही, कडेवर मूल नाही. सोलापुरी चादर भिजली की किती जड होते हे मी सांगायला नको, तीही पिळायची नाही. माळ्यावरचा डबा काढायला हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, किमान पहिले दोन-तीन आठवडे. पण हात अंगाला बांधूनही बसू नका, खांदा आखडतो. केस विंचरण्याइतकी, ताट वाढण्याइतकी हालचाल दुसऱ्या दिवसापासून चालू ठेवायची. स्कूटर दोन-तीन आठवडे बाजूला, आणि मग डॉक्टरांना विचारून. रिक्षातून जायचं तर छातीवर छोटी उशी धरून बसा. रस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

मिश्रीबद्दल वेगळं बोलायला हवं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" उत्तर येतं, "नाही." मग मी बाजूला घेऊन विचारते, "मिश्री?" "ती काय ओ सिस्टर, दात घासायला." ती तंबाखूच आहे, ताई. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि स्तनाग्राला व कापांच्या टोकांना रक्त पोहोचतं ते याच बारीक वाहिन्यांतून. तंबाखू सुरू राहिली तर कातडीची कड काळी पडणं, जखम उघडणं, कधी स्तनाग्राचा भाग मरणं, हे सगळं वाढतं. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. विडी, गुटखा, मिश्री, सोडण्यासाठी चघळायचा निकोटिनचा च्युइंगगमसुद्धा. डॉक्टरांना खरं सांगा. कोणी रागावणार नाही, फार तर तारीख पुढे ढकलतील. शुगर असेल तर तीही आधी आटोक्यात आणायची, त्यात तडजोड नाही.

आंघोळ बहुतेक डॉक्टर ४८ तासांनंतर चालू करतात. ड्रेन, म्हणजे आत साचणारं रक्त-पाणी बाटलीत आणणारी नळी, असेल तर तो निघाल्यावर. ड्रेनमध्ये दिवसाला ३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की साधारणपणे काढतात, म्हणून बाटलीतला आकडा रोज एकाच वेळी लिहून ठेवा. आंघोळीला ड्रमच्या तळाचं साठलेलं पाणी नको. स्वच्छ बादलीत ताजं, कोमट पाणी घ्या आणि मगाने खांद्यावरून सोडा. साध्या साबणाचा फेस वरून ओघळू द्यायचा, चोळायचं नाही. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड काही घालू नका. जंतूंबरोबर नवीन येणारी कातडीही त्याने जळते. पोहणं, तलाव, नदी, टबात बसणं हे जखम पूर्ण मिटेपर्यंत, म्हणजे किमान सहा आठवडे नाही.

पुसण्याचं मात्र नीट ऐका. सोलापूरचा टॉवेल कितीही नामांकित असो, या कामाला तो नको. त्याच्या फासांमध्ये टाक्याचं बाहेर आलेलं टोक अडकतं आणि खसकन ओढलं जातं. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून ठेवा. दाबून टिपायचं. खालची घडी शेवटी, वेगळ्या तुकड्याने. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, घडीत घाम साचून कातडी पांढरी, लिबलिबीत होते, आणि तशा कातडीवरचे टाके सुटतात. दुपारी पंख्याखाली पाठीवर पडून पाच-दहा मिनिटं घडी मोकळी करा आणि तिथे कोरडा गॉझ ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवरच. कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. बर्फाची पिशवी आणि गरम पाण्याची पिशवी दोन्ही याच कारणाने लांब ठेवा. पावडर, हळद, खोबरेल, शेजारच्या काकूंनी दिलेलं कुठलंही मलम उघड्या टाक्यांवर नको. पावडरचे तर खडे होतात, त्याच्याखाली काय चाललंय ते मला दिसत नाही.

कापावर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या ओढून काढू नका. ओल्या झाल्या तरी चालतात, एक-दोन आठवड्यांत कडा सुटून आपोआप पडतात. ब्रा पुढून हुक असलेली, तार नसलेली, शिवण टाक्यांवर न येणारी. नवी पेठेत घ्यायला जाल ते ऑपरेशनच्या आधी जा, सुजेचा हिशेब धरून एक माप मोठी घ्या आणि तीन घ्या, कारण घामाने रोज बदलावी लागते. चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालायची. झोप पाठीवर, डोक्याखाली दोन उशा.

खाण्यावरून घराघरात वाद. "आंबट नको, वांगं नको, डाळ नको, टाके पिकतात." टाके पिकतात ते जंतूंनी, आमटीने नाही. जखम भरायला प्रोटीन लागतं आणि आपल्या घरात ते भरपूर आहे: डाळ, दही, अंडी, मटकी, चिकन, भाकरीबरोबर शेंगाचटणी. लिंबू खा, सी जीवनसत्त्व नवीन कातडीला लागतंच. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. एका पेशंटची आई, अशोक चौकाकडची, तेलुगू बोलणारी, महिनाभर मुलीला नुसती पेज देणार होती. "अक्का, गरम पडतं." मी तिच्यासमोर डबा उघडून मुलीला उकडलेलं अंडं खायला लावलं. माझ्यावर राग अजून आहे म्हणतात.

दोन गोष्टी घाबरवतात, पण बहुतेक वेळा साध्या असतात. पहिली: उभा काप आणि आडवा काप जिथे भेटतात तो कोपरा. तिथे ताण सगळ्यात जास्त आणि रक्त सगळ्यात कमी, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे अर्धा-एक सेंटिमीटर जखम उघडू शकते. तळाला पिवळसर थर दिसतो. बाई म्हणते पू झाला. वास नाही, भोवती लाली पसरत नाही, ताप नाही, तर तो पू नसून भरणाऱ्या जखमेचा थर असतो. रोजच्या ड्रेसिंगने काही आठवड्यांत तळापासून भरत येते, पुन्हा टाका घालावा लागत नाही. तरी फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, आणि इम्प्लांट असेल तर फोटोवर थांबू नका, त्याच दिवशी जा.

दुसरी: महिना-दीड महिन्याने कापाच्या रेषेवर पांढऱ्या टोकाची पुळी येते, आणि एके दिवशी त्यातून दोऱ्याचं टोक डोकावतं. न विरघळलेली गाठ शरीर बाहेर ढकलतंय एवढंच. ओढू नका. आम्ही टोक धरून कातडीलगत कापतो, दोन-चार दिवसांत भोक मिटतं. मधूनच चमक मारणं, मुंग्या, खाज, हेही नसा जाग्या होण्याचं लक्षण. खाजवायचं मात्र नाही.

आता ज्याला थांबायचं नाही ते. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने सुजली, टणक झाली, दुखणं औषधाला दाद देत नाही, तर आत रक्त साचत असू शकतं. रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठा. स्तनाग्र निळं-काळं पडतंय, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, लाली पसरतेय, घाण वास, टाक्यांतून पाणी किंवा पू, इम्प्लांटचा भाग दिसतोय, तर त्याच दिवशी. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहा, डॉक्टरांना ती रेघ माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते. पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, छातीत कळ हे टाक्यांचं नाही, रक्ताच्या गुठळीचं असू शकतं. तिथे फोनवर विचारत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीला.

व्रणाचं काम जखम पूर्ण बंद झाल्यावर, खपली गेल्यावर. सिलिकॉन जेल किंवा पट्टी दिवसाचे जास्तीत जास्त तास, निदान दोन-तीन महिने. ते परवडत नसेल तर मायक्रोपोर, म्हणजे कागदी चिकटपट्टी, व्रणावर लांबीने लावून ठेवा आणि कडा सुटल्या की बदला. डॉक्टर हो म्हणाले की बोटाने गोल-गोल दाबून मालिश. पहिले दोन-तीन महिने व्रण लाल-तपकिरी, कडक होत जातो, तेव्हा बायका खचतात. तो मऊ आणि फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आपल्या सावळ्या कातडीला डाग आणि केलॉइड, म्हणजे जाड, फुगून वाढत जाणारे व्रण, जास्त होतात. व्रण कापाच्या रेषेबाहेर पसरत, खाजत, वाढत चालला तर लवकर दाखवा, त्यात इंजेक्शन देता येतं.

ऑपरेशनची नोट आणि इम्प्लांटचं कार्ड फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीला गेलात तर फिल्म काढायच्या आधी सांगा, कारण आतले व्रण आणि चरबीच्या छोट्या गाठी तिथे दिसतात. नवीन गाठ हाताला लागली तर "ऑपरेशनचीच असेल" म्हणून गप्प बसू नका, तपासून घ्या.