बाळंतपणाची बॅग भरताना या चुका टाळा

पहिल्या बाळंतपणाची बॅग मी पंधरा दिवस खपून भरली होती. प्रत्येक कपड्याला इस्त्री, प्रत्येक घडीला वेगळी पिशवी. बाळ झालं, सिस्टर दाराबाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळाला गुंडाळायला दुपटं द्या." नवऱ्याने अख्खी बॅग बाकावर उपडी केली. त्यातून निघालं काय, तर चार फ्रॉक, ब्रेस्ट पंप, हेअर ड्रायर, दोन जाडजूड पुस्तकं आणि बेबी पावडरचा डबा. दुपटी होती, पण सगळ्यात तळाशी, माझ्या गाऊनमध्ये गुंडाळलेली. चुरगळू नयेत म्हणून! ती कुठे आहेत हे फक्त मला ठाऊक होतं आणि मला तेव्हा आत टाके घालत होते. शेवटी त्यांनी वॉर्डातलंच कापड घेतलं. बाळाचं काही बिघडलं नाही, नवऱ्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता म्हणे.

दुसऱ्या वेळी एवढं एकच डोक्यात ठेवून भरली: बॅग भरणारी मी असले, तरी ती उघडणारं माणूस दुसरंच असणार आहे. ते घाबरलेलं असेल, झोपेतून उठून आलेलं असेल, आणि त्याला झबलं आणि लंगोट यांतला फरकही कदाचित माहीत नसेल. पुढच्या बऱ्याच चुका हे विसरल्यामुळे होतात.

तारखेच्या भरवशावर राहणं

डॉक्टर जी तारीख देतात, ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेली असते. नेमकी ती तारीख पाळणारी बाळं शंभरात चार-पाचच. जगभरात साधारण दहातलं एक बाळ 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच येतं. म्हणून 35व्या आठवड्यापर्यंत बॅग भरून, चेन लावून दाराजवळ असावी. जुळी असतील, रक्तदाब वाढलेला असेल किंवा आधीचं बाळ लवकर झालं असेल, तर 32व्या आठवड्याच्या आसपासच भरा.

"सगळं आणलंय, फक्त भरायचंय" म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात. आणलेलं सामान चार कपाटांत असेल, तर ते नसल्यातच जमा.

चष्मा, चालू गोळ्या, फोनचा चार्जर अशा रोज लागणाऱ्या वस्तू आधी भरता येत नाहीत, आणि राहतात त्या नेमक्या याच. त्यांची चार-पाच ओळींची यादी करा आणि ती बॅगेवरच चिकटवा. फ्रिजवरच्या यादीकडे रात्री दोनला कोणी बघत नाही. चार्जर तर लांब वायरचा दुसराच घेऊन बॅगेत टाकून द्या, कारण खाटेपासून प्लग हात पोचेल इतका जवळ असेलच असं नाही.

सगळं एकाच पोत्यात कोंबणं

बॅगेचे तीन भाग करा, किंवा सरळ तीन वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या घ्या. पहिली कळा सुरू असतानाची, दुसरी बाळंतपणानंतरची आणि तिसरी बाळाची. लेबर रूममध्ये पहिलीच न्यायची, बाकीच्या बाहेर राहू द्यायच्या. आत जागा थोडी असते आणि पायात येणाऱ्या सुटकेसवर सिस्टर वैतागतात. त्यांचं बरोबरच आहे.

पहिल्या पिशवीत फार काही लागत नाही. फाइल, पुढून उघडणारा सैल बाह्यांचा गाऊन (दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा असतो, हाताला सलाईन लावायचं असतं), केस बांधायला रबर, मागून न निसटणाऱ्या आणि ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या चपला, एक गडद रंगाचा टॉवेल, पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ. स्ट्रॉवरून मला घरी हसले होते. कुशीवर पडून, दोन कळांच्या मधल्या मिनिटभरात बाटलीने पाणी पिऊन बघा म्हणजे कळेल. ओठांना लावायचं मलमही ठेवा, तोंडाने श्वास घेऊन घेऊन ओठ पार फाटतात. कळांच्या वेळी काही खाल्लेलं चालेल का, हे मात्र आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. प्रत्येक ठिकाणचा आणि प्रत्येक बाईच्या तब्येतीचा हिशेब वेगळा असतो.

बाळाच्या पिशवीत सुटे कपडे टाकू नका. एक झबलं, एक डायपर किंवा लंगोट, एक टोपरं आणि एक दुपटं असा एक जोड, एका पारदर्शक पिशवीत. असे पाच-सहा जोड करा आणि पहिल्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "जन्मल्यावर लगेच". सिस्टरने मागितलं की तेवढी एक पुडी हातात द्यायची, विषय संपला.

मग, ही पायरी बहुतेक जणी गाळतात, बरोबर येणाऱ्या माणसाकडून एकदा बॅग उघडवून घ्या. नवरा, आई, बहीण, जे कोण असेल ते. तुम्ही खुर्चीत बसा आणि ऑर्डर सोडा: "फाइल दे. दुपटं दे. माझे पॅड दे." हाताने एकदा काढलेलं लक्षात राहतं, तोंडी सांगितलेलं त्या रात्री आठवत नाही. आमच्या घरच्या या रंगीत तालमीत मी पॅड मागितल्यावर नवऱ्याने बाळाचा डायपर पुढे केला होता.

कागदपत्रांना दुय्यम समजणं

फाइल कपड्यांच्या खाली जाते, किंवा "फोनमध्ये फोटो आहेत" म्हणून घरीच राहते. फोन बंद पडतो, नाहीतर ज्याच्या फोनमध्ये फोटो आहेत तो गाडी लावायला गेलेला असतो.

कागदांवर काय काय अवलंबून असतं ते बघा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर आईला अँटी-डी इंजेक्शन साधारण 72 तासांच्या आत द्यायचं असतं. आईला हिपॅटायटिस बी असेल, तर बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) जन्मानंतर 12 तासांच्या आत देतात. वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, आधीचं सिझेरियन आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे सगळं ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं, आणि ते तुमचे नेहमीचे डॉक्टर असतीलच असं नाही. फाइलच्या पहिल्या पानावर एक कागद लावा: रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं डोससकट, आधीची ऑपरेशनं, दोन फोन नंबर. थायरॉइडची, बीपीची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर बरोबर न्या, पण तिथे गेल्यावर न विचारता परस्पर घेऊ नका.

बाळासाठी दुकान, आईसाठी उरलेली जागा

माझ्या पहिल्या बॅगेत बाळाचे अकरा कपडे होते आणि माझी अंतर्वस्त्रं दोन. बाळाला पहिल्या दोन-तीन दिवसांत लागतं थोडं, रक्तात आणि घामात भिजते ती आई.

बाळंतपणानंतर अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं आणि पहिले काही दिवस ते नेहमीच्या पाळीपेक्षा बरंच जास्त असतं. रोजचे पातळ पॅड तिथे पुरत नाहीत. मॅटर्निटी पॅडची दोन पाकिटं घ्या. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप या काळात वापरायचा नाही, जंतुसंसर्गाचा धोका असतो. सिझेरियन झालं तरी अंगावरून जातंच, हे अनेकींना तिथे गेल्यावर कळतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर दुसरा पॅड शोधत बसू नका, आधी सिस्टरना बोलवा.

अंतर्वस्त्रं सहा-सात घ्या, गडद रंगाची, एक साइझ मोठी आणि कमरेच्या वरपर्यंत येणारी. जगात आज पाचातलं साधारण एक बाळ सिझेरियनने जन्मतं. ते टाके ओटीपोटाच्या अगदी खालच्या बाजूला असतात आणि नेहमीच्या निकरचं इलॅस्टिक बरोबर त्यावर बसतं. "माझी नॉर्मलच होणार" या भरवशावर बॅग भरणाऱ्यांनी एवढी एक तजवीज तरी करावीच.

घरी जाताना घालायला गरोदर व्हायच्या आधीचा ड्रेस नेऊ नका. मी नेला होता, गुडघ्यांच्या वर चढला नाही. गर्भपिशवी मूळ आकारावर यायला साधारण सहा आठवडे लागतात, सुरुवातीला तर पोट पाच-सहा महिन्यांच्या पोटासारखंच दिसतं. सातव्या महिन्यात बसणारा सैल कपडा घ्या. दूध पाजायची ब्राही आताच्या मापाची घट्ट घेऊ नका. पहिल्या दिवसांत चीक येतो, तो थोडाच असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं की छाती एकदम भरते.

"बेबी किट" जसंच्या तसं उचलणं

साबण, शाम्पू, तेल, पावडर, सेंट असं सजवलेलं खोकं कोणीतरी देतंच. ते घरी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना बाळाची पहिली अंघोळ निदान 24 तास लांबवायला सांगते, तेव्हा हॉस्पिटलात शाम्पूचं काही कामच नाही. पावडर तर कधीच नको, ती उडून बाळाच्या श्वासात जाते. पहिली शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते. त्यासाठी कापूस आणि कोमट पाणी पुरतं, सुगंधी वाइप्सची गरज नाही.

बाटली, पावडरचं दूध, पंप, हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नेऊ नका. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, आणि दूध यायला तेच पिणं कारणीभूत असतं.

नवे कपडे न धुता भरू नका. धुताना वासाचं सॉफ्टनर टाळा. नाडी, रिबन, मणी असलेलं काही नको. डोक्यातून घालायच्या कपड्यांपेक्षा पुढे बांधायचे बरे, कारण मान सावरत नाही आणि बेंबीची नाळ गळायला एक ते तीन आठवडे लागतात. जन्मल्यावर टोपरं हवंच, पण घरी उबदार खोलीत झोपताना काढा, बाळ जास्त तापणंही वाईट.

घरी गाडीने जाणार असाल, तर बाळाची सीट आधीच बसवून बघा, मागे तोंड करून. डिस्चार्जच्या दिवशी पार्किंगमध्ये मॅन्युअल वाचणारे बाप अगदीच केविलवाणे दिसतात. पट्ट्याखाली जाड जाकीट घालू नका, ते दबतं आणि पट्टा सैल राहतो. आधी पट्टा लावा, मग वरून पांघरूण घाला.

अंगावरच्या वस्तू विसरणं

नवव्या महिन्यात बोटं सुजतात आणि अंगठी अडकते. ऑपरेशनच्या वेळी अंगावर धातू चालत नाही, तेव्हा मग ती कापायची वेळ येते. दागिने घरीच काढून ठेवा. गडद नेलपॉलिशने बोटाला लावायच्या ऑक्सिजन मापकाचं रीडिंग चुकू शकतं, तेही काढा. लेन्स वापरत असाल तर चष्मा न्या.

तरीही गडबड झालीच तर

*गर्भपिशवीतलं पाणी गेलं आणि अजून घरीच आहात:* एक पॅड लावा, सीटवर टॉवेल टाका आणि निघा. पॅड फेकू नका. पाण्याचा रंग डॉक्टर विचारणारच. हिरवट किंवा तपकिरी असेल तर निघतानाच फोन करून सांगा.

*अचानक सिझेरियन ठरलं:* मुक्काम दोन-चार दिवसांवर जातो. जास्तीचे दोन गाऊन आणि पॅड घरी एका पिशवीत तयार ठेवलेले असतील, तर फोनवर "कपाटातली हिरवी पिशवी आण" एवढंच सांगावं लागतं.

*बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं:* तिथे बाळाचे कपडे बहुधा लगेच लागत नाहीत. आता मात्र पंप लागतो. पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करायची असते, म्हणून वॉर्डात पंप आहे का हे आधी विचारा.

*बरोबरचं माणूस उपाशी, त्याच कपड्यांत, फोनही बंद:* हे नेहमीचंच. त्याचा एक जोड कपडे, त्याच्या गोळ्या आणि टिकणारं काहीतरी खायला तुमच्याच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. तो स्वतःहून भरणार नाही.

*बॅग घरीच राहिली:* परत वळू नका. फाइल तेवढी कुणाला तरी घेऊन यायला सांगा, बाकी सगळं मागून येतं. मात्र ती आणायला पाठवाल त्याला "बॅग आण" म्हणू नका, घरात बॅगा सात असतात. रंग सांगा, आणि ती कोणत्या दाराजवळ आहे तेही.